शेकरू आणि माकूल: वर्गीकरण आणि संवर्धन-स्थितीची तुलना कशी करावी

शेकरू आणि माकूल यांची तुलना करायला पुणे सोयीचे आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि त्याच्यासाठी १९८५ साली जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य आंबेगाव-खेड तालुक्यांच्या डोंगरात आहे. माकूल, म्हणजे स्क्विड, गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये बर्फावर मांडलेले मिळते. एक प्राणी दुरून पाहायचा, त्याच्या घरट्याच्या काडीलाही हात लावायचा नाही. दुसरा अर्धा किलो विकत आणून कात्रीने उघडून पाहायचा. असे का, याचे उत्तर कायद्यात आहे, आणि तुलनेच्या दुसऱ्या भागात ते नीट मांडावे लागते.

शाळा-महाविद्यालयांतले असे बहुतेक प्रकल्प एकाच ठिकाणी बिघडतात. एका संकेतस्थळावरून दोन्ही प्राण्यांची माहिती उतरवली जाते, तक्ता भरतो, आणि वर्गीकरण व संवर्धन-स्थिती एकाच दमात सांगून टाकले जाते. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्राणी कोणाचा नातलग, हे वर्गीकरण सांगते. तो टिकून राहील का, याबद्दल आज कोणता पुरावा हाती आहे, हे संवर्धन-स्थिती सांगते. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. म्हणून कामही दोन स्वतंत्र कागदांवर करा, आणि दोन्ही पूर्ण झाल्यावरच एकत्र आणा.

आधी प्राणी नक्की करा

शेकरूच्या बाबतीत हे सोपे वाटते, पण छायाचित्रे घात करतात. रटूफा प्रजातीत (इंग्रजीत जीनस) एकूण चार जाती (स्पीशीज) आहेत. त्यातल्या तीन भारतात सापडतात: रटूफा इंडिका, रटूफा बायकलर आणि रटूफा मॅक्रोयुरा. भीमाशंकरचे शेकरू म्हणजे रटूफा इंडिका, आणि ही जाती फक्त भारतातच आढळते. रंग प्रदेशाप्रमाणे बराच बदलतो. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट पिवळसर आणि शेपटीचे टोक फिकट असते. काळे खांदे, काळी शेपटी असा ठळक तिरंगी प्राणी चित्रात दिसला, तर ते छायाचित्र बहुधा दक्षिणेकडच्या किंवा सातपुड्याकडच्या शेकरूचे आहे. जाती तीच, पण ‘भीमाशंकरचे शेकरू’ म्हणून ते लावणे चूक आहे. दुसरा घोटाळा उडत्या खारीचा. शेकरू फांदीवरून फांदीवर मोठी झेप घेते, सहा मीटरपर्यंतही, पण त्याच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये पडदा नसतो. पडदा असलेली, रात्री तरंगत जाणारी ती उडती खार. शेकरू दिवसा वावरते.

माकुलाच्या बाबतीत जास्त जपावे लागते, कारण बाजारात हे नाव सैल वापरले जाते. माकूल, म्हाकूल म्हणून स्क्विडही विकले जाते आणि कटलफिशही. ओळखायची खात्रीची खूण शरीराच्या आत आहे. स्क्विडच्या पाठीत पातळ, पारदर्शक, पिसाच्या आकाराची पट्टी असते. बोटांत धरली तर प्लॅस्टिकसारखी वाकते. कटलफिशच्या पाठीत पांढरा, खडूसारखा भुसभुशीत, होडीच्या आकाराचा तुकडा असतो. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळतो तोच हा. बाहेरून पाहायचे तर कटलफिशचे शरीर रुंद असते आणि पराची, म्हणजे पोहण्याच्या पंखाची, अरुंद झालर दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत जाते. आपल्याकडचे नेहमीचे स्क्विड लांबट नळीसारखे, आणि त्याचे पर मागच्या भागात चौकटच्या आकारात जुळलेले असतात. त्यांची लांबी प्रावाराच्या, म्हणजे नळीसारख्या मुख्य शरीराच्या, निम्म्याहून थोडी जास्त भरते.

या नेहमीच्या जातीचे शास्त्रीय नाव युरोट्युथिस दुवॉसेली. पण बाजारातले प्रत्येक स्क्विड तेच असेल असे नाही. पर जवळजवळ संपूर्ण प्रावारभर पसरलेले असतील तर ते सेपियोट्युथिस, म्हणजे वेगळी प्रजाती. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात पुण्यात येणारा माल गोठवलेला किंवा पूर्व किनाऱ्यावरचा असू शकतो. प्रकल्पासाठी खरेदी शक्यतो ऑक्टोबर ते मे या काळात, सकाळी करा आणि माल कुठल्या बंदरातून आला ते विचारून लिहून ठेवा. जातीबद्दल खात्री होत नसेल तर ‘युरोट्युथिस, जाती अनिश्चित’ असे लिहा. खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा प्रजातीपर्यंतच थांबणे शास्त्राला धरून आहे, आणि परीक्षकालाही ते पटते.

वर्गीकरणाचा कागद

पान उभे दुमडा. डावीकडे शेकरू, उजवीकडे माकूल. वरून खाली सात पायऱ्या: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वृत्तपत्रांत जातीलाच प्रजाती म्हणतात. तुम्ही मात्र पाठ्यपुस्तकातला क्रम पाळा, नाहीतर शेवटच्या दोन ओळी उलट्या पडतात.

शेकरू: प्राणी सृष्टी, रज्जुमान संघ, त्यात पृष्ठवंशी उपसंघ, सस्तन वर्ग, कृंतक गण, सायुरिडी कुल, त्यात रटूफिनी उपकुल, रटूफा प्रजाती, रटूफा इंडिका जाती.

माकूल: प्राणी सृष्टी, मृदुकाय संघ, शीर्षपाद वर्ग, त्यात कोलिऑइडिया उपवर्ग आणि डेकॅपोडिफॉर्मिस महागण, मायॉप्सिडा गण, लॉलिजिनिडी कुल, युरोट्युथिस प्रजाती, त्यात फोटोलोलिगो उपप्रजाती, युरोट्युथिस दुवॉसेली जाती.

दोन्ही स्तंभ फक्त पहिल्या ओळीत जुळतात. तिथे ‘दोघेही प्राणी’ एवढेच लिहून पुढे जाऊ नका. दोघांच्या शरीराला डावी आणि उजवी अशा सारख्या बाजू आहेत, हेही साम्य आहे. त्यानंतर वाटा फुटतात, आणि त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत दिसतात. गर्भाच्या पोकळ गोळ्यात पहिला खड्डा पडतो. मृदुकायांच्या शाखेत त्या बाजूला साधारणपणे तोंड तयार होते, तर पृष्ठवंशीयांच्या शाखेत तोंड नंतर दुसरीकडे तयार होते. या दोन शाखा वेगळ्या होऊन ५० कोटींहून जास्त वर्षे झाली आहेत. तक्त्यात संघाच्या ओळीसमोर हे कारण दोन वाक्यांत लिहा. पुढच्या ओळींतले फरक त्यातूनच उलगडत जातात.

गणाच्या ओळीत माकुलासमोर जुन्या पुस्तकांत ट्युथिडा किंवा ट्युथॉइडिया सापडेल. त्या मांडणीत मायॉप्सिडा हा उपगण होता. आता तो स्वतंत्र गण धरतात. दोन पुस्तकांत दोन उत्तरे दिसली की विद्यार्थी गोंधळतात आणि एक उत्तर खोडून टाकतात. खोडू नका. ‘आधी असे, आता असे’ लिहा आणि वर्गीकरण कोणत्या वर्षीच्या कोणत्या पुस्तकातून घेतले ते खाली नोंदवा.

शेकरूच्या बाजूला असाच प्रश्न उपजातींचा आहे. काही याद्या चार उपजाती मानतात, काही त्याहून जास्त. भीमाशंकरच्या शेकरूला अनेक मराठी पुस्तकांत आणि फलकांवर एल्फिन्स्टोनी ही उपजाती म्हटलेले असते. हे नाव १८३१ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दिले. दख्खनच्या पाहणीचे काम करताना त्याने इथल्या प्राण्यांची यादी केली, आणि नाव मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यावरून ठेवले. चार उपजातींच्या मांडणीत हे नाव इंडिका या उपजातीतच सामावलेले आहे. म्हणून सातव्या पायरीवर थांबा आणि उपजातीची माहिती टीप म्हणून द्या. तक्त्याच्या मुख्य ओळीत ती घातली, तर समोर माकुलाच्या बाजूला रिकामी जागा राहते आणि तुलना एका बाजूला झुकते.

नावे लिहिण्याच्या पद्धतीत गुण हमखास जातात. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान. छापताना तिरपे, हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. नावापुढे नामकर्ता आणि वर्ष येते: रटूफा इंडिका (अर्क्सलेबेन, १७७७), युरोट्युथिस दुवॉसेली (दॉर्बिन्यी, १८३५). इथला कंस शोभेचा नाही. नामकर्त्याने जाती ज्या प्रजातीत ठेवली होती, तिच्यातून ती पुढे दुसऱ्या प्रजातीत गेली, असा त्याचा अर्थ. अर्क्सलेबेनने शेकरूला सायुरस प्रजातीत ठेवले होते, दॉर्बिन्यीने माकुलाला लॉलिगोमध्ये. कंस गाळला तर हा इतिहासच चुकतो. माकुलाच्या नावात उपप्रजाती लिहायची असेल तर युरोट्युथिस (फोटोलोलिगो) दुवॉसेली असा आणखी एक कंस येतो. त्याचे काम वेगळे आहे, दोन्हींची गल्लत करू नका. जुने नाव टीपेत ठेवाच, कारण भारतातल्या मत्स्यविज्ञानाच्या जुन्या अहवालांत हा प्राणी लॉलिगो दुवॉसेली म्हणूनच सापडतो. नवे नाव टाकून शोधले तर ते सगळे काम नजरेआड राहते.

आणखी एक इशारा. दोन्ही बाजूंना ‘कुल’ ही पायरी आहे म्हणून सायुरिडी आणि लॉलिजिनिडी एकाच तोलाची होत नाहीत. पायऱ्या माणसांनी सोयीसाठी ठरवल्या आहेत, त्यांना ठरावीक वय किंवा आकार नाही. ‘खारीच्या कुलात जास्त जाती, म्हणून ते कुल जास्त यशस्वी’ असला निष्कर्ष काढू नका. एकाच बाजूच्या आत तुलना मात्र करता येते. शनिवारवाड्याच्या झाडांवर दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची खार आणि शेकरू एकाच सायुरिडी कुलातले, पण खार कॅलोसायुरिनी उपकुलात आणि शेकरू रटूफिनी उपकुलात. म्हणजे शेकरू हे मोठ्या झालेल्या खारीपेक्षा बरेच वेगळे आहे, हे वर्गीकरणच सांगते.

माकूल टेबलावर

वर्गीकरणाची प्रत्येक पायरी एखाद्या दिसणाऱ्या लक्षणावर टेकवता आली तर कागदाला वजन येते. माकुलाच्या बाबतीत ते घरी जमते. न साफ केलेले, अखंड, प्रावार १२ ते १५ सेंटिमीटर भरेल असे तीन-चार नग घ्या. विक्रेत्याला ‘साफ करू नका’ असे आधीच सांगा, नाहीतर सवयीने डोके ओढून काढले जाते. गोठवलेले असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गरम पाण्यात टाकले तर कातडी सुटते आणि आतले भाग मऊ पडून ओळखू येत नाहीत.

पांढरा ट्रे, टोकदार छोटी कात्री, चिमटा, मोजपट्टी आणि भिंग एवढे पुरते. आधी लांबी मोजा. ही लांबी फक्त प्रावाराची, पाठीच्या बाजूने, टोकापासून पुढच्या कडेपर्यंत. बाहूंसकट मोजू नका. मेलेल्या प्राण्याचे स्पर्शक, म्हणजे दोन लांब बाहू, ओढू तितके लांबतात आणि आकडा निरर्थक होतो. शेकरूच्या बाजूलाही डोके-धड आणि शेपूट वेगळे लिहायची पद्धत आहे: डोके-धड २५ ते ५० सेंटिमीटर, शेपूट तितकीच किंवा जास्त, वजन साधारण दीड ते दोन किलो.

आता बाहू मोजा. आठ आखूड, दोन लांब. ही दहाची संख्या म्हणजे डेकॅपोडिफॉर्मिस. लांब स्पर्शक बर्फाच्या पेटीत पुष्कळदा तुटतात. आठच दिसले म्हणून त्याला ऑक्टोपस ठरवू नका, तुटल्याच्या खुणा शोधा. मग डोळा. भिंगाखाली सुईच्या बोथट बाजूने डोळ्यावर हलके दाबा. डोळ्यातल्या भिंगावर पारदर्शक पडदा अखंड असेल तर तो मायॉप्सिडा गण. खोल समुद्रातल्या इगॉप्सिडा गणात हा पडदा नसतो आणि डोळा थेट पाण्याला उघडा असतो. गण ओळखण्यासाठी एवढी एक खूण पुरते, आणि ती विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटाने तपासता येते.

प्राणी पाठीवर ठेवा, म्हणजे पाणी बाहेर फेकणारी नळी वर येईल. बाहू तुमच्यापासून दूर, टोक तुमच्याकडे. प्रावाराच्या कडेपासून टोकाकडे मधोमध कापत जा. कात्रीचे खालचे पाते सतत वर उचललेले हवे. खोल गेले की शाईची पिशवी फुटते आणि सगळे काळे होते. तसे झालेच तर ट्रे थंड पाण्याने हळू धुऊन पुढे जा, नळाची धार सोडू नका. उघडल्यावर दोन पिसासारखे श्वसनकल्ले दिसतील. प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटे हृदय, आणि मध्ये मुख्य हृदय, असे तीन. रक्तात तांबे असलेले हिमोसायनिन असते, म्हणून ते लाल नसते. शाईच्या पिशवीवर दोन बाजूंना फिकट, फुगीर ठिपक्यांसारखे भाग दिसले तर ते प्रकाश देणारे अवयव. युरोट्युथिस प्रजातीची ही खूण. ताज्या नमुन्यात ती स्पष्ट दिसते, शिळ्यात नाही.

नर असेल तर नळीजवळच्या शेवटच्या जोडीतला डावा बाहू बघा. त्याच्या टोकाकडच्या भागात चूषक (चिकटणाऱ्या वाट्या) जाऊन बारीक उंचवटे आलेले असतात. वर सांगितल्याप्रमाणे ठेवले असेल तर प्राण्याचा डावा बाहू तुमच्या उजव्या हाताला येतो. इथे निम्मे लोक चुकीचा बाहू तपासतात. शेवटी बाहूंच्या मधोमध दाबून चोच बाहेर काढा, आणि पाठीतली पारदर्शक पट्टी डोक्याकडच्या कडेला चिमट्याने धरून सरळ ओढा. तिरपी ओढली तर मोडते. चोच आणि पट्टी धुऊन, टिपकागदावर वाळवून, पुठ्ठ्यावर चिकटवता येतात.

चोचीशेजारी शेकरूच्या दातांचे चित्र ठेवा. कृंतक गणाची ओळख म्हणजे वर दोन आणि खाली दोन, आयुष्यभर वाढत राहणारे पटाशीचे दात. सुळे नाहीत, पटाशी आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा. माकुलाची चोच कायटिनची, तिच्या आत रॅड्युला नावाची दातेरी पट्टी. दोघेही तोडून खातात, पण एकाचे हत्यार दुसऱ्यापासून आलेले नाही. डोळ्यांचेही तसेच आहे. दोघांनाही भिंग आणि प्रतिमा टिपणारा पडदा असलेला डोळा आहे, मात्र तो दोन शाखांत स्वतंत्रपणे तयार झाला. शेकरूच्या डोळ्यात, आपल्यासारखाच, चेतातंतू पडद्याच्या पुढून जातात म्हणून आंधळा ठिपका असतो. माकुलात ते मागून जातात, म्हणून तो ठिपका नसतो. तुलनेत साम्य दाखवायचे असेल तर ते असे दाखवा, आणि हे नातेसंबंधाचे साम्य नाही हे लगेच लिहा.

शेकरू वाटेवरून

इथे चिरफाड नाही, नमुने नाहीत. अभयारण्यातून पडलेले केस, घरट्याच्या काड्या, कुरतडलेली फळे काहीही आणायचे नाही. पुण्याहून राजगुरुनगर किंवा मंचर-घोडेगाव मार्गे भीमाशंकर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी उन्हे कलल्यावर प्राणी जास्त हालतो. पावसाळ्यात धुक्यामुळे काही दिसत नाही, म्हणून डिसेंबर ते मे ठीक. आखलेली वाट सोडून आत जायचे असेल तर वनविभागाची परवानगी लागते.

लक्षणे टिपायची ती दुर्बिणीतून: झाडावरून डोके खाली करून उतरताना मागचे पाय उलटे वळतात का, बसून खाताना शेपूट फांदीपलीकडे तोल धरते का, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना जमिनीवर उतरते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संवर्धनाच्या कागदावर कामी येते. शेकरू शेंड्या-शेंड्यांनी फिरते. रस्त्यासाठी दहा झाडे गेली आणि शेंड्यांमध्ये खंड पडला, की त्याचा वावरच तुटतो.

घरटी मोजून प्राणी मोजले असे समजू नका. एकच शेकरू डहाळ्या-पानांची अनेक गोल घरटी बांधते, काही वापरात तर काही सोडलेली. बातमीत भीमाशंकरच्या शेकरूंचा आकडा आला तर तो घरट्यांचा की प्राण्यांचा, हे आधी वाचा.

संवर्धनाचा कागद

इथे तीन वेगळी दारे ठोठवायची आहेत, आणि प्रत्येक उत्तरापुढे वर्ष लिहायचे आहे.

पहिले दार आययूसीएनची, म्हणजे निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, लाल यादी. संकेतस्थळावर शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका. मिळालेल्या पानावरून चार गोष्टी उतरवा: वर्ग (इथे धोक्याची श्रेणी, वर्गीकरणाची पायरी नव्हे), निकष, मूल्यांकनाची तारीख आणि संख्येचा कल. मूल्यांकनाची तारीख आणि प्रसिद्धीचे वर्ष वेगवेगळे असू शकते, दोन्ही लिहा. रटूफा इंडिका २०१६ च्या नोंदीत ‘लीस्ट कन्सर्न’ (सर्वात कमी चिंतेच्या) वर्गात आहे, आणि संख्येचा कल घटता आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्रच लिहायला हवीत. पहिले एकटे लिहिले तर शेकरू निर्धास्त वाटते, दुसरे एकटे लिहिले तर ते नामशेष व्हायला आले असे वाटते. रटूफाच्या उरलेल्या तीन जाती ‘निअर थ्रेटन्ड’ (धोक्याच्या उंबरठ्यावर) आहेत. म्हणून पान उघडताना जातीचे नाव नीट पाहा, एका नावाच्या फरकाने अख्खा वर्ग बदलतो.

घट होत असूनही वर्ग सौम्य का, याचे उत्तर निकषांत आहे. ‘व्हल्नरेबल’ या धोक्याच्या पहिल्या वर्गात मोडण्यासाठी एक मार्ग असा की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल त्यात, संख्या किमान ३० टक्के घटलेली हवी. त्याहून गंभीर ‘एन्डेंजर्ड’साठी ५०, सर्वात गंभीर ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’साठी ८०. दुसरा मार्ग क्षेत्रफळाचा: सर्व नोंदींभोवती काढलेल्या बहुभुजाचे क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, आणि सोबत तुटक वस्ती, चालू असलेली घट यांसारख्या अटी. शेकरू सह्याद्री, सातपुडा आणि पूर्व घाटांत पसरलेले आहे, त्यामुळे ते या मर्यादेच्या कितीतरी बाहेर जाते. भीमाशंकर अभयारण्य मात्र १३०.७८ चौरस किलोमीटर एवढेच आहे. तिथली वस्ती धोक्यात असू शकते आणि त्याच वेळी जातीचा जागतिक वर्ग ‘लीस्ट कन्सर्न’ राहू शकतो. यात विसंगती नाही. जागतिक निकष एका जंगलावर लावायचे नाहीत, आणि एका जंगलाची काळजी जागतिक वर्गाने मिटवायची नाही.

माकुलाकडे वळताना ‘डेटा डेफिशियंट’ हा वर्ग समजून घ्या, कारण शीर्षपादांपैकी मोठा भाग याच वर्गात आहे. त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा नाही आणि ‘धोका आहे’ असाही नाही. मूल्यांकन झाले, पण वर्ग ठरवण्याइतकी माहिती मिळाली नाही, एवढेच. ‘नॉट इव्हॅल्युएटेड’ याहून वेगळे: तिथे मूल्यांकनच झालेले नाही. माहिती का मिळत नाही हे गणिताने दाखवता येते. माकूल साधारण वर्षभर जगते, म्हणजे तीन पिढ्या सुमारे तीन वर्षांच्या. दहा वर्षे आणि तीन वर्षे यांत दहा जास्त, म्हणून घट मोजण्याचा काळ दहा वर्षांचा. त्या दहा वर्षांचे या एकाच जातीचे आकडे हवेत. बंदरावर मात्र अनेकदा सगळी स्क्विड एकत्र, कधी कटलफिशसकट, तोलून नोंदली जातात. मग घट कशात मोजायची? युरोट्युथिस दुवॉसेलीचा वर्ग यादीतल्या तिच्या पानावरून स्वतः पाहून तारखेसह उतरवा, आणि तो वर्ग का पडला असावा हे याच पद्धतीने समजावून लिहा.

दुसरे दार साइट्स, म्हणजे प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. रटूफा ही संपूर्ण प्रजाती परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवानगीनेच व्यापार चालणाऱ्यांच्या यादीत, आहे. कोणतेही स्क्विड कोणत्याही परिशिष्टात नाही. शीर्षपादांपैकी नॉटिलसचे कुल २०१७ पासून परिशिष्ट दोनमध्ये आले, कारण त्याच्या शंखाचा व्यापार होतो आणि तो हळू वाढतो. हे उदाहरण तक्त्यात जरूर घ्या. एकाच शीर्षपाद वर्गातल्या दोन प्राण्यांची संवर्धन-स्थिती किती वेगळी असू शकते, ते त्यातून लगेच दिसते.

तिसरे दार भारतीय कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ शेकरूला संरक्षण देतो. मारणे, पकडणे, पाळणे, सगळे गुन्हा. क्रमांक लिहिताना जपा. जुन्या पुस्तकांत ‘अनुसूची दोन’ सापडेल, पण तो जुन्या सहा अनुसूचींतला क्रमांक आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या चारच राहिल्या. सुधारित अधिनियमातल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत रटूफा शोधून आजचा क्रमांक लिहा. नाव अनुसूची चारमध्येही दिसले तर गोंधळू नका, ती साइट्सच्या यादीसाठी आहे. माकूल या अधिनियमात नाही. त्याला लागू होतो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१, आणि त्याखालचे बंदीकाळ व जाळ्यांचे नियम. म्हणजे माकुलाचे रक्षण वन्यजीव म्हणून होत नाही, मासेमारीचे उत्पादन म्हणून होते.

म्हणूनच माकुलाच्या स्तंभात एक जादा ओळ लागते, जी शेकरूसमोर रिकामी राहील: साठ्याची, म्हणजे समुद्रात उरलेल्या माकुलांच्या प्रमाणाची, स्थिती. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे अहवाल यासाठी बघा. वाचताना फक्त ‘इतके टन’ पाहू नका. नौका वाढल्या, त्या जास्त तास समुद्रात राहिल्या, तर साठा घटत असतानाही टन वाढू शकतात. दर तासामागे किती मिळाले हा आकडा शोधा. अल्पायुषी प्राण्याचे उत्पादन वर्षावर्षाला बरेच खालीवर होते, तेव्हा दोन वर्षांच्या फरकावरून घट ठरवू नका. धोक्याचे कारणही नेमके लिहा: माकूल अंडी बोटांसारख्या जेलीच्या पुंजक्यांत समुद्रतळावर चिकटवते आणि तळ घासणारी ट्रॉल जाळी त्याच तळावरून जातात.

दोन कागद एकत्र

शेवटचा परिच्छेद लिहिताना ‘शेकरू जास्त धोक्यात की माकूल?’ असा प्रश्न घेऊ नका. एकाबद्दल घट माहीत आहे, दुसऱ्याबद्दल मोजणीच अपुरी आहे, म्हणून एका पट्टीवर दोन्ही ठेवता येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाबद्दल तीन वाक्ये लिहा: पुरावा किती आहे, धोका कोणत्या वाटेने येतो, आणि रक्षणाची जबाबदारी कोणत्या खात्याकडे आहे. शेकरूसाठी उत्तरे वनविभागाकडे आणि झाडांच्या सलग शेंड्यांकडे नेतील, माकुलासाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि बंदरावरच्या जातवार नोंदींकडे.

माकुलाची ओळख पक्की करून हवी असेल तर नमुना चिरण्याआधी पाठीकडून, पोटाकडून आणि परांचे, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्रासह विचारणा करा, आणि पत्रात खरेदीची तारीख, बाजार व विक्रेत्याने सांगितलेले बंदर लिहा. नमुना राखायचा असेल तर आधी गोठवा. घरी फॉर्मॅलिन वापरू नका, त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला अपायकारक आहे. लाल यादी वर्षातून एकाहून जास्त वेळा अद्ययावत होते, त्यामुळे प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात दोन्ही पाने पुन्हा उघडून पाहा आणि पाहिल्याची तारीख तक्त्याखाली टाका.